"स्वभावाला औषध नाही" असं म्हणण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं. बाबा ५८ वर्षांचे, सहकारी बँकेत तीस वर्षं हिशेबाचं काम केलेले, एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी न येणारे. आणि गेल्या दोन वर्षांत त्याच माणसाने भाचीच्या लग्नात शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलून खाल्ली, आत्याचे यजमान गेले तेव्हा भरल्या घरात "टीव्ही लावा की" म्हणाले, रोज त्याच दुकानातून तेच बिस्किटाचे पुडे आणतात आणि आईला ताप भरला तेव्हा "मग माझ्या जेवणाचं काय" एवढंच विचारलं. एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये वयानुसार सगळं ठीक. नातेवाईक म्हणतात म्हातारचळ लागलाय, आई म्हणते मुद्दाम करतात, आजी म्हणते स्वभावाला औषध नाही. तुमचा प्रश्न असा की वागणं मेंदूतून येतं म्हणतात तर ते फोटोत का दिसत नाही, आणि मग मेंदूचा अभ्यास करतात म्हणजे नक्की करतात काय.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मेंदूच्या बिघाडाचा वागण्यावर काय परिणाम होतो ते तपासणारी, बावीस वर्षं हेच काम करतेय. इथे बसून मी बाबांचं निदान करणार नाही, ते न बघता करणं चूक होईल. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नक्की देता येतं, आणि सविस्तर देते, कारण या गोष्टी वेळेवर न कळल्यामुळे घरंच्या घरं एकमेकांवर चिडून बसलेली मी पाहिली आहेत.

आधी एक प्रसंग सांगते. ओळखू येतील असे तपशील बदललेत. एक निवृत्त मुख्याध्यापक बायकोसोबत आले होते, तक्रारी साधारण तुमच्या बाबांसारख्याच. आमच्याकडे एक अगदी साधी टेस्ट असते, मशीन लागत नाही, टेबल असलं की झालं. मी सांगते, मी टेबलावर एकदा टकटक केली की तुम्ही दोनदा करायची, मी दोनदा केली की तुम्ही एकदा. सरांना विचारलं, नियम कळला का? त्यांनी वर्गात सांगावा तसा नियम खणखणीत सांगितला. मग मी एकदा टकटक केली. सरांनी एकदा केली. मी दोनदा केली, त्यांनीही दोनदा. थांबवून विचारलं, सर नियम काय ठरला होता? "तुम्ही एक, मी दोन." अगदी बरोबर. परत सुरू केलं, मी एक, सरांचं बोट एक. दहा वेळा केलं, दहाही वेळा माझ्यासारखंच. तोंडाला नियम पाठ आणि हात समोर दिसेल ते करतोय. त्यांच्या बाई शेजारी बसल्या होत्या, त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, म्हणजे हे मला छळायला करत नव्हते.

आपल्याकडे म्हणतात ना, कळतं पण वळत नाही, ते आपण आळशी मुलाला नाहीतर दारू न सोडणाऱ्या माणसाला म्हणतो, पण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या माणसाबद्दल हे चार शब्द शब्दशः खरे असतात. कळण्याची यंत्रणा आणि वळण्याची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे, आणि एक शाबूत असताना दुसरी जाऊ शकते. बाबांना विचारलंत की दुसऱ्याच्या पानातलं खावं का, तर ते नाही म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. जिलबी समोर आली की हात थांबवणारं जे काही असतं ते थांबवत नाहीये, अशी शक्यता आहे.

हे थांबवणारं म्हणजे फ्रंटल लोब, कपाळामागचा भाग. त्यातही डोळ्यांच्या खोबण्यांच्या बरोबर वर जो भाग आहे तो मोह आवरणं, लाज, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज यात गुंतलेला असतो. दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या बाजूला जो आहे तो गेला तर माणूस काही सुरूच करत नाही, तासन् तास बसून राहतो. आणि बाहेरच्या बाजूचा नियोजनाचा, म्हणजे चार पाहुण्यांचा स्वयंपाक कुठल्या क्रमाने करायचा, गॅसवर आधी काय चढवायचं, तसलं सगळं. हे मी फार ढोबळ सांगतेय, प्रत्यक्षात कुठलाच भाग एकटा काम करत नाही, सगळे एकमेकांना तारांनी जोडलेले असतात आणि तार तुटली तरी गाव अंधारात जातं.

हे कळलं कसं, तर अपघातांतून. १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेत व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश नावाच्या गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडायचं काम चाललं होतं. फिनिअस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम लोखंडी पहारीने भोकात दारू ठासत होता, ठिणगी उडाली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची ती पहार गालाखालून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. माणूस जगला. बोलत होता, चालत होता, स्मरणशक्ती शाबूत. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवलं की जो मुकादम सगळ्यात भरवशाचा होता तो आता शिवराळ, हट्टी, आज एक ठरवून उद्या सोडून देणारा झालाय आणि मित्र म्हणतात हा आता पूर्वीचा गेज राहिला नाही. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात इथेच संपवतात आणि ते मला पटत नाही, कारण पुढे हाच गेज दक्षिण अमेरिकेत चिलीला जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता, ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता, प्रवासी, पैसे सगळं सांभाळून. म्हणजे शिस्तीची बाहेरून चौकट मिळाली तर अशा मेंदूचा माणूसही बराच सावरू शकतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मग १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका. त्यांच्याकडे एक पेशंट होता, त्याला बोललेलं बऱ्यापैकी समजायचं पण तोंडून एकच शब्द निघायचा, "टॅन". तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या फ्रंटल लोबच्या मागच्या भागात इजा, आणि त्यावरून बोलण्याची जागा सांगितली, आजही तिला ब्रोकाचा भाग म्हणतात. पण मेंदू कापला नव्हता, वरून पाहिला होता आणि बरणीत जपून ठेवला होता, म्हणून २००७ साली संशोधकांना तोच मेंदू एमआरआयमध्ये घालता आला आणि दिसलं की इजा ब्रोकांना वाटली त्यापेक्षा कितीतरी आत गेलेली आहे. मला हे फार आवडतं, बरणी जपली म्हणून दीडशे वर्षांनी चूक सुधारता आली. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत ब्रेन बँक आहे, १९९५ पासूनची. तिथे नातेवाईकांच्या संमतीने दान केलेले मेंदू ठेवतात आणि ते काम किती मोलाचं आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं.

तिसरा माणूस हेन्री मोलेसन, हयात असताना सगळं जग त्याला फक्त एच.एम. म्हणून ओळखायचं. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानांच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला छोटा भाग, बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या पण त्यानंतरचं नवं काही लक्षात राहीना, जेवून उठला की जेवलो हे विसरायचा. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं तपासत राहिल्या, दरवेळी त्याला त्या नव्याच वाटायच्या. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीची कड गिरवायला दिली, पहिल्या दिवशी वेडीवाकडी, दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी छान. आणि त्याला विचारलं तर म्हणे हे मी कधी केलेलंच नाही. डोकं विसरलं पण हाताला आठवत होतं. तेव्हा कळलं की "स्मरणशक्ती" नावाची एकच गोष्ट नसते. तो २००८ साली वारला, त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून ठेवलेत.

ही तिन्ही उदाहरणं मुद्दाम दिली. यात मेंदूचा फोटो नव्हता तरी शोध लागला, कारण कोणीतरी त्या माणसाचं वागणं बारकाईने पाहिलं आणि लिहून ठेवलं. आज मशीन आहेत पण तो क्रम बदललेला नाही. आधी वागणं बघायचं, मग मेंदूत शोधायचं. तुमच्याकडे उलटं झालं, आधी मशीन झालं आणि वागणं ऐकून घ्यायला कोणाला वेळ मिळाला नाही.

आता तुमच्या एमआरआयचं. साधा एमआरआय म्हणजे मेंदूच्या बांधणीचा फोटो, शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून चुंबकाच्या जोरावर मिळालेला सिग्नल. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय का, पाणी साठलंय का हे तो उत्तम सांगतो. पण घराचा फोटो काढून घरात भांडण चाललंय का हे कळत नाही तसंच आहे ते. पेशी आजारी पडून काम कमी करायला लागल्या तरी भाग आकसून फोटोत दिसायला वेळ लागतो, कधी वर्षं लागतात. आणि दुसरं, चिठ्ठीवर काय लिहून पाठवलं त्याप्रमाणे बघणारा बघतो. चिठ्ठीवर नुसतं "डोकेदुखी" असेल तर गाठ नाही, झटका नाही, ठीक. "दोन वर्षांत स्वभाव बदलला, फ्रंटल आणि टेम्पोरल लोब (कानांजवळचा भाग) बघा" असं असेल तर तोच फोटो वेगळ्या नजरेने बघितला जातो.

पेट स्कॅन मात्र कामाचा अंदाज देतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तो एकटा खातो, आणि मुख्य इंधन साखर. शिरेतून किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात आणि कुठला भाग किती ओढून घेतो ते बघतात, पुढचा भाग कमी ओढत असेल तर फोटोत थंड दिसतो. महाग आहे, सगळ्यांना लागत नाही, पण एमआरआय ठीक आणि वागणं बिघडलेलं अशा वेळी उपयोगी पडतो.

आणि ते रंगीबेरंगी फोटो, "प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो" वगैरे बातम्यांमध्ये येतात, ते फंक्शनल एमआरआयचे. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली यामागचं तत्त्व दाखवलं, की रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून कुठे काम वाढलं ते ओळखता येतं. लक्षात घ्या, पेशींचं काम थेट दिसत नाही, त्यामागून धावणारं रक्त दिसतं, तेही पाच-सहा सेकंद उशिरा. आणि फोटोतल्या एका ठिपक्यात लाखो पेशी. असे लाखभर ठिपके तपासायचे म्हटले की नुसत्या योगायोगानेही काही ठिपके पेटलेले दिसणारच. २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मशीनमध्ये चक्क मेलेला सॅल्मन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि योगायोगाची वजावट न करता आकडेमोड केली तर माशाच्या मेंदूतही "हालचाल" दिसली. वजावट केल्यावर गेली. त्या माशाने या क्षेत्राला आकडेमोड नीट करायला शिकवलं असं मी विद्यार्थ्यांना सांगते. तर संशोधनासाठी आणि ऑपरेशनच्या आधी बोलण्याची जागा कुठे आहे ते पाहायला हे मशीन चांगलं, पण एका माणसाला त्यात झोपवून "हा मुद्दाम करतो का" हे सांगता येत नाही. कोणी सांगतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणं, ही तपासणी जुनी, हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२४ ला माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूच्या लहरी नोंदवल्या. वेळेच्या बाबतीत फार अचूक, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, पण नक्की कुठून आलं हे धूसर. फिट्ससाठी आजही पहिली तपासणी हीच. पण मेंदूच्या लहरींवर नको तितका विश्वास टाकला तर काय होतं हे आपण पुण्यातच बघितलंय. २००८ साली इथल्या सेशन्स कोर्टातल्या एका खून खटल्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून, आरोपीला वाक्यं ऐकवून "हिच्या मेंदूत गुन्ह्याच्या अनुभवाची आठवण आहे" असा काढलेला निष्कर्ष पुराव्यात धरला गेला आणि त्यावर जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली, कारण वाचलेलं, ऐकलेलं, पोलिसांनी दहादा विचारलेलं आणि खरंच केलेलं यातला फरक लहरी इतक्या खात्रीने सांगतात हे सिद्ध झालेलं नव्हतं. पुढे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि असलं ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. मला व्यक्तिशः तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

मेंदूतली रसायनं हा तिसरा धागा. पार्किन्सनच्या काही पेशंट्सना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी औषधं, सुरू केली की आयुष्यात कधी पत्ता न कुटलेला माणूस जुगार खेळायला लागतो, कोणी खरेदी थांबवू शकत नाही, कोणी सतत खातो. २०१० मध्ये तीन हजारांवर पेशंट्सचा एक मोठा अभ्यास आला, त्यात या गटाची औषधं घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना असा काही ना काही त्रास होता, न घेणाऱ्यांत जेमतेम ७ टक्क्यांना. डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी केलं की बहुतेकांचं उतरतं. म्हणजे डोपामिनचं माप थोडं हललं आणि "स्वभाव" बदलला, माप परत आलं आणि स्वभावही परत आला. आजींना सांगा, कधीकधी स्वभावाला औषध असतं आणि कधीकधी औषधानेच स्वभाव येतो. तुम्ही लिहिलं नाहीये पण बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी काढा, रक्तदाबापासून आयुर्वेदिकपर्यंत.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते. पन्नाशी-साठीच्या आसपास सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा, मेंदूचा पुढचा आणि कानांजवळचा भाग हळूहळू झिजवणारा आजार आहे, त्याचं पहिलं वर्णन प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली केलं. यात विसरणं नंतर येतं, सुरुवात वागण्यापासून होते. भान सुटणं, काही करावंसं न वाटणं, दुसऱ्याचं दुःख न पोचणं, तेच तेच करत राहणं, गोडाची हाव, नियोजन ढासळणं. तुमच्या यादीत यातलं बरंच आहे म्हणून नाव सांगितलं, पण यादी जुळली म्हणजे आजार झाला असं नाही. बी-१२ ची कमतरता, जी आपल्याकडे शाकाहारी घरांत भरपूर आहे, थायरॉइड, पुढच्या भागातली हळू वाढणारी गाठ, जुना सिफिलिस, पडल्यावर साठलेलं रक्त, दारू, आणि उतारवयात पहिल्यांदा येणारा मॅनिया (उन्मादाचा मानसिक आजार), हे सगळे असंच सोंग घेऊन येऊ शकतात आणि यातले बरेच बरे होतात. एमआरआयने काही निकालात निघाले, रक्ताच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्या आधी करा.

डिप्रेशनचं वेगळं सांगते, कारण यात मी स्वतः चुकलेय. सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ दिवसभर खुर्चीत बसून असायचे, मी डिप्रेशन धरून चालले, चार महिने गेले. माझ्या लक्षात यायला हवं होतं की मी "कसं वाटतंय" विचारलं की ते दरवेळी "छान" म्हणायचे आणि तोंडावरही काही नसायचं. डिप्रेशनमधला माणूस आतून भरलेला असतो, अपराधी वाटतं, रडू येतं, झोप उडते. फ्रंटल लोबच्या आजारात बहुतेक वेळा घर रडत असतं आणि पेशंटला काहीच वाटत नसतं. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत पेशंटच्या आधी बायकोला किंवा मुलीला वेगळं बसवून ऐकते.

म्हणून तुम्ही एक वही करा. तारीख, वेळ, कुठे, काय घडलं, आधी काय झालं होतं. "विचित्र वागले" असं लिहू नका. "आरतीच्या आधीच नैवेद्याच्या ताटातला मोदक उचलला, आई नको म्हणाली तर हसले आणि दुसरा घेतला" असं लिहा. बदल कधी सुरू झाला हे आठवताना जुने फोटो, बँकेतून रिटायर व्हायच्या आधीचे मेमो, कोणाशी कधी बिनसलं हेही बघा, बऱ्याचदा दोन वर्षं वाटतात आणि खोदलं की चार निघतात. घराण्यात कोणी पन्नाशीत "चळलं" होतं का, कोणाचे हातपाय बारीक होत जाऊन बोलणं-गिळणं गेलं होतं का, तेही विचारा. एकाच जीनमुळे एका भावाला वागण्याचा आजार आणि दुसऱ्याला स्नायूंचा असं होऊ शकतं, ते २०११ पासून माहीत आहे.

मग तपासणीत आम्ही दोन-तीन तास बसतो. टकटक, मूठ-कड-तळवा असे हाताचे क्रम, जे दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या रशियन सैनिकांसोबत काम केलेल्या लुरिया यांच्या परंपरेतले आहेत, एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावं, "लाल" हा शब्द निळ्या शाईत छापून शाईचा रंग सांगायला लावणं, चेहऱ्यावरच्या भावना ओळखणं. हे मराठीतून आणि त्या माणसाच्या शिक्षणाला धरून करणं फार गरजेचं आहे. इंग्रजी टेस्टचं मिनिटात भाषांतर करून चौथी शिकलेल्या आजोबांना दिली तर ठणठणीत माणूसही नापास होतो.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर सांगायचं तर, हे मेंदूच्या आजारातून असेल तर मुद्दाम नाही. पण "आजार आहे" म्हणजे सगळं सोडून द्यायचं असंही नाही. गेज आठवा. चौकट बाहेरून द्यायची. वाद घालून, लाज काढून उपयोग होत नाही, कारण कळण्यात गडबड नाहीच आहे. पातेली समोर न ठेवता ताट वाढून द्या, बिस्किटाचा एकच पुडा दिसेल असं बघा, दुकानदाराला विश्वासात घ्या, रोज ठरलेल्या वेळी चालायला न्या, लग्नाकार्याला पंगतीच्या कडेला तुमच्या शेजारी बसवा. आणि मोबाईलवरून पैसे पाठवायची मर्यादा या आठवड्यातच कमी करून घ्या, हिशेबी माणूस आहे म्हणून गाफील राहू नका, पैसा हाच अशा आजारात सगळ्यात आधी जातो. निदान तेच निघालं तर आजार थांबवणारं औषध आज नाही हे खरं सांगते, पण हाव, चिडचिड, तेच तेच करणं यावर काही औषधांचा उपयोग होतो. फक्त विसरण्याच्या आजाराच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नका, यात त्यांनी वागणं बिघडलेलंही पाहिलंय.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना, शक्यतो ज्यांच्याकडे मेमरी क्लिनिक आहे अशांकडे, वही, गोळ्यांची यादी आणि एमआरआयची सीडी न्या. नुसता रिपोर्टचा कागद नको. आणि आईंना बाबांसमोर बोलायला लावू नका, त्यांच्यासाठी वेगळी दहा मिनिटं मागून घ्या.